शाळेपुरतं गणित

स्थळ तळेगावचं होतं. मुलगा मॅट्रिक पास. सायन्सची दोन वर्षं करून पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं म्हणत होता, आणि त्याचं सगळं शिक्षण मुलीच्या बापाने करावं अशी त्यांची अपेक्षा होती. थेट कोणी बोलत नव्हतं; ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. मुलगी मी. माझ्या कॉलेजसाठी बाबांनी बाजूला ठेवलेले पैसे त्याच्या कॉलेजात जाणार, हेही मला कोणी सांगितलं नाही. पण मला काय कळत नव्हतं?

बाबा लोणावळ्याला गणिताचे मास्तर. घरी ते मला शाळेच्या पलीकडचंही शिकवायचे. म्हणून मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की मुलाचं गणित कितपत आहे. निरोप आला, शाळेचं साधं गणित आहे, तेवढं पुरतं. मध्यस्थी करणाऱ्या आत्यानेही तेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. एकच वाक्य दोन तोंडांतून आलं की मला शंका येते. कुठेतरी पाणी मुरत होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, "लय संशयी हाय बया ही पोर. नवराबी तोलून घेईल." घेणारच! तो नापास होऊन घरी बसला, तर बाबांची पुंजी गेली आणि माझं शिक्षणही गेलं.

मंडळी बघायला आली. स्वयंपाक, शिवण, वाचन, सगळं विचारून झालं. शेवटी मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार हो." असं म्हणायची रीत असते, विचारायची नसते. मी विचारलं. आमच्या अंगणातून नागफणीच्या डोंगराचं टोक दिसायचं. म्हटलं, "वर न चढता त्याची उंची कशी काढाल?"

आईने कपाळाला हात लावला. मुलाचे वडील हसत म्हणाले, "काढायची कशाला? गावात कोणालाही विचारायची!" पण मुलाने मान वर केली.

"मला येत नाही," तो म्हणाला. "आमच्या शाळेत तेवढं शिकवलंच नाही. पुढे ते लागणार, असं मी घरी सांगतोय, पण कोणी ऐकत नाही." मग थेट मला, "तुम्हाला येतं?"

"येतं."

"मग शिकवाल मला?"

खरं सांगते, मला तो तिथल्या तिथे आवडला. आणि लगेच शंकाही आली, की हा असं बोलून लग्न तर मोडायला बघत नाही ना? बाबांनी मात्र होकार कळवला. "येत नाही म्हणणारा पोरगा शिकतो," म्हणाले.

लग्न झालं. हे सुट्टीत पुण्याहून आले की आम्ही माडीवर पुस्तक उघडून बसायचो. पहिल्या सुट्टीत अगदी रडकुंडीला आलेले. वर्गात मास्तर काय बोलतात तेच कळत नाही, म्हणाले. मी मुळापासून सुरुवात केली. खालून सासूबाई विचारायच्या, काय चाललंय रे एवढं? हे सांगायचे, "काही नाही, हिला जरा शिकवतोय." मला ते खटकायचं. चांगलंच खटकायचं! पण बायकोकडून शिकतो म्हटलं तर लोक हसतील, अशी मीच माझी समजूत काढायचे. हे कधी चारचौघांत खरं सांगतील का, ही शंका मात्र जात नव्हती. हे चाचपडत का होईना, पास होत गेले.

शेवटचा निकाल लागला त्या दिवशी घरी पेढे वाटले. शेजारचे एक गृहस्थ ह्यांना मुद्दाम विचारायला आले होते. त्यांच्या मुलालाही इंजिनिअर व्हायचं होतं. "त्याचं गणित आपलं शाळेपुरतं. तेवढ्यावर निभेल का? की कोणाकडे शिकायला घालू?"

मी पेढ्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. आता हे माझं नाव घेणार, निदान माझ्याकडे बघून हसतील तरी, असं मला वाटलं.

"छे हो, काही लागत नाही," हे म्हणाले. "माझंही शाळेचं साधंच होतं. पुरलं की!"

मामंजींनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मी त्या गृहस्थांपुढे ताट धरलं. जन्मभर संशय घेत आले. तेवढा एक खोटा ठरायला हवा होता हो.