गजभियेची चार नवी चाकं

सकाळी सात वाजता माझ्या फोनवर एकाच माणसाचं नाव दिसायचं, सुधाकर गजभियेचं. त्या दिवशीही तेच दिसलं. मी नेहमीसारखं "बोल रे" म्हणालो, तर पलीकडे शालूवहिनी होत्या, त्याची बायको. "भाऊजी, हे उठून नाही राहिले..." एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या दोघांच्या घरांमध्ये प्रताप नगरच्या तीन गल्ल्या आहेत. त्या मी अनवाणी पार केल्या, हे मला संध्याकाळी पाय दुखायला लागल्यावर कळलं. तो त्याच्या पलंगावर डाव्या कुशीवर होता, एक हात उशीखाली. मी त्याला दोनदा हाक मारली. चाळीस वर्षांत त्याने माझ्या पहिल्या हाकेला कधीच ओ दिली नव्हती, म्हणून मला वाटलं, दुसरीला देईल.

याला आता पाच आठवडे झाले. लोक विचारतात तेव्हा मी हृदयविकार म्हणतो. डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. पण मला सांगायचं आहे ते वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्याच्यावर चार ओळी लिहिण्याचा मला हक्क नाही.

आम्ही दोघं विदर्भातले, तो कामठीचा, मी भंडाऱ्याकडचा. रेल्वेत डबे आणि मालगाडीच्या वाघिणी तपासण्याच्या कामावर लागलो आणि बदल्या होत होत जयपूरला येऊन टेकलो. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन खाली वाकायचं, चाकं, स्प्रिंगा, ब्रेक पाहायचे. दोष दिसला तर त्या डब्याला आमच्या खात्यात 'सिक' म्हणतात. 'सिक' डबा बाजूला काढायचा, मग वर बसलेले प्रवासी कितीही ओरडोत. गजभियेचं आणि माझं एक ठरलेलं होतं. कोणी शिकवलेलं नव्हतं, आपसूक पडलेली रीत होती ती. त्याने पाहिलेलं चाक मी पुन्हा पाहायचं, मी पाहिलेलं त्याने. आपलं काम आपणच पास करायचं नाही. रिटायर झाल्यावर ही रीत आम्ही घरात आणली आणि दोन्ही घरच्या बायकांनी कपाळाला हात लावला. त्याने बसवलेला गीझर मी पास करायचा, मी भरलेला फॉर्म त्याने. माझी बायको सुमन म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांशीच लग्न करायला हवं होतं. सुमन जाऊन चार वर्षं झाली. मुलगी कॅनडात. तिचं मराठी 'बाबा, जेवण केला का' एवढ्यावर आलेलं. तेव्हा खरं सांगायचं तर माझी अख्खी भाषा, अख्खं बोलणं, त्या एका माणसाकडे ठेवलेलं होतं. सकाळी सातचा फोन आणि संध्याकाळची फेरी. बाकी दिवसभर हिंदी, भैया आणि मतलब.

गेल्या दिवाळीनंतर त्याने सांगितलं की तो कामठीला चालला, कायमचा. त्याची मोठी बहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, तिथे एकटी होती. आई लवकर गेल्यावर ताईंनी विड्या वळून याला शिकवलं आणि याच्यासाठीच स्वतःचं लग्न मागे टाकत टाकत शेवटी केलंच नाही. आता त्यांचा एक पाय चालेनासा झाला होता. "तिनं मले वाढवलं मेश्राम," तो म्हणाला, "आता तिच्याजवळ मी नाही राहीन तर कोण राहील?" मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच होतं. घरी येऊन मी जेवलो नाही.

सामान ट्रकने जाणार होतं, पण नवरा-बायको जाणार होते त्यांच्या गाडीने. ही गाडी म्हणजे सतरा वर्षांची पांढरी सेडान, कंपनीने ते मॉडेल बंद करूनही जमाना झाला. याच गाडीत त्याच्या मुलाची, निखिलची, बारावी झाली, याच गाडीतून सुमनला आम्ही दवाखान्यात नेलं. पण तिच्या चाकांची दशा झाली होती. एक टोंक रोडच्या खड्ड्यात वाकलेलं, एक पूर्वी कधीतरी तडा जाऊन वेल्डिंग केलेलं. टायर बदलून भागणार नव्हतं, चाकंच नवी हवी होती. दुसऱ्या कोणी भंगारातून दोन उचलून लावली असती. गजभियेने सांगानेरच्या एका टायरवाल्याकडे तीन आठवडे खेटे घातले, आणि बरोबर मी.

त्या सलीमभाईने आधी सोळा इंचाची चकचकीत चाकं दाखवली. साब, गाडी जवान लगेगी, असं म्हणाला. गजभिये म्हणाला, मला जवान गाडी नको, कामठीला पोहोचणारी हवी. मग त्याने त्याची शिकवणीच घेतली. मूळ चाक चौदा इंचाचं, तर तेवढंच, नाहीतर मीटर खोटा वेग दाखवेल आणि चाकावरच्या कमानीला टायर घासेल. बोल्ट चार, आणि समोरासमोरच्या बोल्टांतलं अंतर अगदी तेच. चाक बाहेर किती येतं, तेही तेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं मधलं भोक. गाडीच्या धुऱ्याचा, म्हणजे आसाचा, जो गोल उंचवटा असतो त्यावर ते घट्ट बसलं पाहिजे. ते मोठं असलं तर चाक नुसत्या बोल्टांवर लटकतं आणि वेगात गाडी थरथरते. अशा वेळी मधल्या फटीत एक रिंग बसवतात. त्याने खिशातून मोजपट्टी काढून अकरा चाकं मोजली आणि परत केली. शेवटी दुसऱ्या एका कंपनीची साधी करडी चाकं आली. चारही चाकं त्याने दुकानाबाहेर मांडली, हातोडीने एकेकावर ठोकून कान लावला. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मला लाज वाटली आणि त्याचा अभिमानही वाटला.

चाकं बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही शिवदासपुऱ्याकडे गाडी काढली, स्टिअरिंगवर मी. पास मी करायचं होतं ना. दोन्हीकडे मोहरी फुललेली, रस्ता मोकळा. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. गाडी लोण्यासारखी चालली होती. शेजारी तो डोळे मिटून बसला होता, पायाच्या तळव्यांनी गाडी ऐकत. चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "तू पास म्हण, परवा निघतो."

परवा. आजवर तारीख नव्हती, नुसतं जायचं होतं. ती तारीख ऐकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्टिअरिंगले कंप आहे रे. मधलं भोक ढिलं आहे. रिंगा टाकल्याशिवाय एवढ्या लांब जाऊ नको."

कंप नव्हता. कणभरसुद्धा नव्हता, केसभरसुद्धा नव्हता. चाळीस वर्षांत मी एक चाक खोटं पास केलं नाही, आणि त्या दिवशी एक खरं चाक नापास केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे. "बरं," तो म्हणाला, "पाहतो." परतताना गाडी त्याने चालवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन सातला नाही, अकराला आला. रिंगा मागवल्या आहेत, दिल्लीहून यायला आठ-दहा दिवस लागतील. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी खिडक्या पुसल्या.

ते नऊ दिवस... मी आयुष्यात इतका सुखी फार थोडा वेळ होतो. तो रोज दोन्ही वेळा यायचा. त्याने मला झुणका करायला शिकवला, तीनदा बिघडला तरी सोडलं नाही. डबा देणाऱ्या एक बाई शोधल्या, त्यांना माझ्यासमोर बसवून कमी तिखटाचं समजावलं. बँकेची कामं फोनवरून कशी करायची, कॅनडाला चेहरा दिसेल असा फोन कसा लावायचा, हे सगळं माझ्याकडून गिरवून घेतलं. कॉलनीच्या बागेत सकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळक्यात मला नेऊन बसवलं. तिथल्या एका राजस्थानी मास्तरांना म्हणाला, हमारे मेश्रामजी थोड़े अकडू हैं, पर आप छोड़ना मत. मी चिडलो. मला वाटलं, रिकामा वेळ आहे म्हणून याला हे उद्योग सुचताहेत. मध्ये एकदा तो म्हणाला, डावा खांदा भरून आल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, अकरा चाकं उचललीस, दुसरं काय होणार. रोज संध्याकाळी ताईंचा फोन यायचा आणि तो सांगायचा, येऊन राहिलो ताई, फक्त चाकाचं एक काम राहिलं आहे. मी समोर बसून ते ऐकायचो. चहा प्यायचो. दहाव्या सकाळी वहिनींचा फोन आला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनी म्हणाल्या, आता मी इथं राहून काय करू, मला ताईंकडेच सोडा. निखिल दहा दिवसांची रजा वाढवून थांबला होता. गाडीनेच जायचं ठरलं. तेव्हा मला त्या रिंगा आठवल्या. गरज नसली तरी त्याने मागवल्या होत्या, तर त्या त्याच्या गाडीत बसल्या पाहिजेत, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी एकटा सांगानेरला गेलो.

सलीमभाईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बराच वेळ गजभियेबद्दल बोलत राहिला. मग मी रिंगांचं विचारलं. कसल्या रिंगा, तो म्हणाला. अंकलजींनी तर काहीच मागवलं नव्हतं. ते आले होते हे खरं, आम्ही गाडी पळवून पाहिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुकान उघडायच्या आधीपासून बाहेर उभे होते. चारही चाकं उतरवायला लावली. धुरा मोजला, भोक मोजलं, एकदा नाही, दोनदा. मधे कागदसुद्धा जात नव्हता. मी विचारलं, मग काय म्हणाले? सलीमभाईने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "बोले, चक्का तो बिल्कुल सही है. मेरे दोस्त का मन नहीं मान रहा. आठ-दस दिन उसके पास रुक जाता हूँ, फिर चला जाऊँगा."

मी त्या खुर्चीवर बसूनच होतो. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, हवा भरायचं यंत्र फुसफुसत होतं. त्याला कळलं होतं. माझ्या तोंडून खोटं निघालं त्याच क्षणी कळलं असेल, आणि तरी त्याने मोजून पाहिलं, कारण मी नापास केलेलं चाक न तपासता पास करणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. आणि मग त्याने, ज्याने जन्मात कोणाला खोटं सांगितलं नाही, रोज संध्याकाळी ताईंना फोनवर खोटं सांगितलं. माझ्यासाठी. झुणका, डबेवाल्या बाई, बागेतले म्हातारे... माझा चढलेला पारा उतरवत तो मला त्याच्याशिवाय राहायला शिकवत होता, आणि मी ते सुख समजून भोगत होतो.

सगळे मला समजावतात. व्हायचं ते कामठीतही झालंच असतं, डॉक्टरही म्हणतात. झालं असेल. पण तो तिथे गेला असता तर ते दिवस ताईंना मिळाले असते. सत्तर वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट असेल. ते दिवस त्यांचे होते आणि मी घेतले. मला ते आता परतही करता येत नाहीत, आणि मनातून काढूनही टाकता येत नाहीत. माझ्याजवळ त्याचं तेवढंच तर आहे.

आम्ही दोन दिवसांत कामठीला पोहोचलो, रात्री भोपाळला थांबून. निखिलने आणि मी आळीपाळीने चालवली. मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर अस्थींचा कलश. गाडी एकदाही थरथरली नाही. बैतूलच्या घाटात निखिल म्हणाला, "काका, गाडी तो एकदम स्मूथ है ना?" मी म्हटलं, हो.

ताईंच्या घराला रस्त्यापासून दोन पायऱ्या आहेत. गाडी आत यावी म्हणून त्यांनी त्या अर्ध्या फोडून सिमेंटचा उतार करून घेतला होता. आपल्या भावाची गाडी बुटकी आहे, खाली घासेल, असं गवंड्याला सांगून तो लांबट करवून घेतला होता. गाडी अलगद वर चढली. आतली पुढची खोली त्यांनी त्याच्यासाठी तयार ठेवली होती. नवा पत्र्याचा पलंग, त्यावर सुताची चादर, खिडकीशी टेबल, त्याला वाचायला लागतो म्हणून उशाशी दिवा. कोपऱ्यात एक फळीही ठोकून घेतली होती, त्याच्या हत्यारांसाठी. चादरीवर एक सुरकुती नव्हती. त्या खोलीत तो एकदाही झोपला नव्हता, आणि त्याच्या जयपूरच्या घरात मला तो जितका दिसला नाही तितका त्या खोलीत दिसला.

ताई काठी टेकत बाहेर गेल्या. गाडीभोवती हळूहळू एक चक्कर मारली, खाली वाकता येत नव्हतं म्हणून काठीच्या टोकाने एकेका चाकाला हात लावल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"याईच्यासाठीच तो थांबला होता का बाबू? काय झालं होतं या चाकाईले?"

मी काहीतरी पुटपुटलो. रिंगा, दिल्ली, असं काहीतरी. त्यांनी मान हलवली. पन्नास वर्षं भावावर विश्वास ठेवलेली ती बाई, भावाच्या मित्रावरही ठेवून मोकळी झाली आणि आत चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी मी आगगाडीने परत आलो.

ताई नागपूरचा पेपर रोज वाचतात, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. पुरवणीसुद्धा. म्हणून हे इथे लिहिलं आहे.

ताई, चाकांना काही झालं नव्हतं.