एकाच ताग्यातलं

रोज सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी मामा छातीवर मूठ आपटायचा आणि साऱ्या रस्त्याला ऐकवायचा, "ठणठणीत!" रस्त्याने कधी विचारलं नव्हतं.

मामा शिंपी. अंगाने काटक, जिभेने कात्री. माझी आई त्याची धाकटी बहीण. लहानपणापासून तिचा कान वाहायचा, छाती भरलेली असायची. मामा तिला 'उसवलेली' म्हणायचा. "आम्ही जेवतो, ही गोळ्या खाते," असं चारचौघांत बोलून स्वतःच हसायचा. त्याच्या तोंडात सारखे फोड यायचे. ती मात्र 'उष्णता'.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आईची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच बिघडलेली आहे. निरोगी भावाच्या हाडांतली मज्जा जुळली, तर ती वाचेल. मामा कडक इस्त्री करून हजर.

"मज्जा तर जन्मभर मीच केली. घ्या लागेल तेवढी! आता ही माझ्या जिवावर जगणार."

तपासणीत मज्जा जुळली. खोटही जुळली.

"मग मला काही झालं कसं नाही?"

"असं होतं. बिघाड तोच, पण एकाला अंथरुणाला खिळवतो, दुसऱ्याला नुसते फोड. तुमची मज्जा दिली तर यांना तोच आजार परत मिळेल. आणि यापुढे तुम्हीही ताप अंगावर काढू नका."

"खोट तुमच्या मशीनमध्ये आहे," मामा म्हणाला. जिन्यात आईने, "दादा, जपून हं," म्हणत त्याचा हात धरला. त्याने तो झटकला, जणू खोट तिनेच चिकटवली होती.

आईला पुढे एका परक्याची मज्जा जुळली. ती सावरली. मामा भेटायला फिरकला नाही; उसवलेली बहीण सांधली गेली, हे त्याला कुठल्या डोळ्यांनी बघवणार?

थंडीत त्याला ताप भरला. तो त्याने अंगावरच काढला, ऐटीत. आईने हट्टाने मला त्याला दवाखान्यात न्यायला पाठवलं, त्या दुपारी तो मशीनवर कुडकुडत बसला होता. मला बघून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी शटर वर गेलंच नाही. पण त्या दुपारी एक बाई दोन शर्ट घेऊन भांडायला आल्या होत्या. कापड एकच, मग एकच शर्ट आटला कसा?

मामाने घाम पुसला आणि त्यांच्या अकलेची कीव करत म्हणाला, "अहो बाई, एकाच ताग्यातलं असलं म्हणून काय झालं? एक आटतं, एक नाही आटत. एवढं साधं कळत नाही?"