नऊ नंबरच्या मुलीचा थ्रो-इन

मी भांडकुदळ आहे, हे बारामती-इंदापूरकडच्या सगळ्या खेळशिक्षकांना ठाऊक आहे. बास्केटबॉलची पंच म्हणून उभी राहिले की मी कुणाच्या बापाला भीत नाही. एका प्रशिक्षकाला भर सामन्यात सांगितलं होतं, आता तोंड उघडलंत तर मैदानाबाहेर काढीन. आणि ज्या एका दिवशी बोलायलाच हवं होतं, त्या दिवशी तोंडात शिट्टी असून माझी वाचा बसली.

पंचगिरी मला शिकवली ती आमच्या सरांनी. ते डाळजचे, सगळी नोकरी भवानीनगरला खेळ शिकवण्यात गेली. मला ‘बाय’ म्हणायचे. बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, उभं करून तेच तेच इतक्यांदा सांगायचे, की मी वैतागायचे.

“फाउल झाला, तर थ्रो-इनला, म्हंजी रेषेबाहेरनं आत टाकायला, चेंडू आपण टाकणारीच्या हातात द्यायचा, आन् तिनं जागा सोडायची न्हाय. पण बास्केट पडली, तर चेंडूला आपण हातच लावायचा न्हाय. ती आपली आपण उचलंल, रेषेमागं पायजे तेवढी पळंल. पळू दे. आन् माझं चुकलं, तर तुझी शिट्टी वाजली पायजे. त्यासाठीच पंच दोघं असत्यात.”

निवृत्तीनंतरही सर सामने घेत होते. गेल्या दोनेक वर्षांत मात्र काहीतरी बिघडत चाललं होतं. शिट्टी गळ्यात, आणि हे बॅगेत शोधतायत. स्कोअर टेबलावर एकच प्रश्न तीनदा. एकदा सरांच्या घरी काकूंनी, त्यांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, “त्यांना कुणी घरी बसा म्हणू नगा. मैदान सुटलं तर खचत्याल.” मी म्हटलं, मी आहे ना. तेव्हापासून सरांच्या जोडीला मीच उभी राहायचे. काही चुकलंच तर झाकून घेईन, असं मनात होतं. काय अक्कल म्हणायची माझी!

तो मुलींचा तालुक्याचा शेवटचा सामना होता, बारामतीला, भर दुपारी. जिंकेल तो संघ जिल्ह्याला जाणार. एका बाजूला शहरातल्या मुली, दुसऱ्या बाजूला कऱ्हाटीकडच्या. शेवटची काही सेकंदं उरली असताना शहरवाल्यांनी बास्केट केली आणि एका गुणानं पुढे गेल्या. सर त्या बास्केटखाली होते, मी पळत दुसऱ्या टोकाला पोचले.

कऱ्हाटीकडच्या नऊ नंबरच्या मुलीनं चेंडू उचलला आणि रेषेमागे गेली. समोर एक उंच पोरगी हात पसरून उभी. तशी ही रेषेमागूनच चार पावलं बाजूला पळाली. माझ्याजवळ, दुसऱ्या टोकाच्या बास्केटखाली, तिची जोडीदारीण एकटीच हात वर करून उभी होती. तिच्या आसपास कुणीसुद्धा नव्हतं.

सरांची शिट्टी वाजली. त्यांनी नियमभंगाची खूण केली. जागा सोडली म्हणून चेंडू शहरवाल्यांना.

शिट्टी दातात होती, नुसती फुंकायची होती. स्कोअर टेबलावरची सगळी माझ्याकडे बघत होती. कऱ्हाटीकडचे प्रशिक्षक धावत माझ्याकडेच आले. “मॅडम, बास्केटनंतर पळता येतं. तुम्ही तरी सांगा.” मी सरांकडे पाहिलं. ते हात वर धरून शांत उभे होते, माझ्याकडेच बघत होते. एवढ्या लोकांत त्यांना खोटं पाडायचं? मी म्हटलं, “सरांचा निर्णय झालाय. बाकावर बसा.” माझ्याजवळची ती मुलगी अजून हात वर करूनच उभी होती.

त्या मुली एका गुणानं हरल्या. नऊ नंबरची रडली नाही. बूट सोडत बसली होती, मी जवळून गेले तेव्हा तिनं मान वर करून एकदा पाहिलं, बस्स. त्या पोरीची मी आजही गुन्हेगार आहे.

सरांना डाळजला सोडायला मी गाडी काढली. भिगवण आलं. मग म्हणाले, “बाय, ती नऊ नंबरची. बास्केट पडल्यावर टाकत हुती का फाउल झाल्यावर?”

“फाउल झाल्यावर, सर.”

त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

“न्हाय. फाउल असता तर चेंडू मी दिला असता. माझ्या हातात चेंडू आलाच न्हाय.”

मी उगाच गिअर बदलला.

“माझं डोकं चालंना झालंय, हे काय मला कळत न्हाय व्हय? तुझ्या काकूला वाटतं कळत न्हाय. पण म्हणलं, जोडीला ही भांडकुदळ हाय. माझं चुकलं तर ही सोडायची न्हाय. तेवढ्या भरवशावर उभा ऱ्हात हुतो मी. तुझी शिट्टी वाजंल म्हणून किती येळ तुझ्याकडंच बघत हुतो.”

घर आलं. काकू दारातच होत्या. “कसा झाला सामना?” त्यांनी विचारलं.

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. “हिला इचार,” म्हणाले आणि आत गेले.

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी तिथंही गप्पच राहिले.