लुपेचा गुडघा

कालोलैने या बेटावर नर्स म्हणून आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सोबत एक पत्र्याची पेटी, एक कंदील आणि आईनं दिलेलं बायबल, एवढंच सामान. तिचं माहेर उत्तरेकडच्या वावाऊ बेटांवरचं. हापाई बेटसमूहातल्या या एवढ्याशा बेटावर तिचं रक्ताचं कुणी नव्हतं. टोंगात असं सहसा होत नाही. इथे चार घरं ओलांडली की चुलत, मावस, आते कुणीतरी निघतंच, आणि ती सगळी भावंडंच धरली जातात. पण कालोलैने इथे कुणाचीच बहीण नव्हती. त्यामुळे ती कोणत्याही घरात शिरे, कोणत्याही पुरुषाला त्याच्या पोटाबद्दल विचारी, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

तीन वर्षांनी इथल्याच सोसायाशी तिचं लग्न झालं. तो वाडीत रताळी आणि अळूचे कांदे लावायचा आणि रविवारी चर्चमध्ये तुतारी वाजवायचा. मूल झालं नाही. देवाची इच्छा, असं ती म्हणे आणि विषय बदले. लोकांची मात्र तिनं दोनशे बारा बाळंतपणं केली.

सुरुवातीची वीसेक वर्षं वायरलेसची होती. रोज सकाळी साडेनऊला मोठ्या बेटावरचं इस्पितळ एकेका बेटाला हाक मारी आणि नर्सनं आजाऱ्यांची हकिगत सांगायची. ज्याच्याकडे संच असे तो ऐके. दुकानदार ऐके, बोटवाले ऐकत, पाद्रीही ऐकत. आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी कालोलैनेनं एका सतरा वर्षांच्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं की हिला तिसरा महिना आहे. दुपारपर्यंत सगळ्या हापाईला कळलं. मुलीला राजधानीत आत्याकडे धाडलं, ती पुन्हा बेटावर आली नाही. कालोलैने चांगली चटई घेऊन त्या घरी गेली, उंबऱ्याबाहेर डोकं खाली घालून बसली. त्यांनी माफ केलं. पुढे ती वायरलेसवर नाव घेत नसे, ‘चर्चपासून तिसऱ्या घरातली थोरली’ असं म्हणे. पण चर्चपासून तिसरं घर कुणाचं हे काय लोकांना ठाऊक नव्हतं?

म्हणून सरकारनं टॅब पाठवला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. आता डॉक्टर समोर दिसणार होते. आजारी माणसाची सगळी नोंद त्यातच राहणार, आणि ती मोठ्या बेटावर, राजधानीत, हवी तिथे उघडणार. आणि हवेतून कुणालाही ऐकू जाणार नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर पाद्रींची परवानगी घेऊन ती उभी राहिली.

“आता तुमचं दुखणं फक्त चौघांना कळेल,” ती म्हणाली. “तुम्ही, मी, डॉक्टर आणि देव.”

“देवाला आधीच माहीत असतं गं,” मागून म्हातारी फिफिता म्हणाली. “म्हणजे तिघंच की!”

सगळे हसले.

एकच अडचण होती. दवाखान्यावर नीरफणसाची दाट झाडं असल्यानं तिथे रेंज येईना. म्हणून इंटरनेटची, आकाशाकडे तोंड केलेली पांढरी छत्री चर्चच्या हॉलवर बसवली. ती सांभाळायला गावप्रमुख फेलेटी राजधानीत तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आला. साठीचा, अंगानं थोराड, बोलायला सावकाश माणूस. यंत्राचा परवलीचा शब्द कुणालाही सांगायचा नाही, असं तिथल्या मास्तरनं बजावलं होतं. फेलेटीनं ते देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. नर्सलासुद्धा सांगितला नाही. मंगळवारी आणि गुरुवारी तो कमरेला चटई गुंडाळून, चर्चला जावं तसा येई, टॅब सुरू करी आणि उभ्यानं प्रार्थना म्हणे. पलीकडे तरुण डॉक्टर मोआला डोळे मिटून वाट पाहत.

“अहो प्रमुख, प्रार्थना जरा आटोपती घ्या,” कालोलैने एकदा म्हणाली. “तुमच्या आमेनपर्यंत रेंज जाते.”

“रेंज देणारा कोण?” फेलेटी म्हणाला. आणि रेंज गेली. मग त्यानं पुन्हा तो शब्द घातला, स्क्रीन छातीशी धरून, एकेक अक्षर शोधत.

रेंज अशी मध्येच जाई म्हणून त्याला जवळपास थांबावं लागे. पुरुष असले तर तो हॉलमध्येच बसे. बाया आल्या की बाहेर ओट्यावर, खिडकीखाली, पाठ करून. कालोलैनेला ही व्यवस्था चांगली वाटली होती.

लुपे फेलेटीची धाकटी बहीण. अठ्ठावन्न वर्षांची विधवा, बेटावरची सगळ्यांत चांगली विणकरीण. केवड्याची पानं तिच्या हातात रेशमासारखी वळत. भाऊ आणि बहीण समोरासमोरच्या घरांत राहत. वयात आल्यापासून ती दोघं कधी एका खोलीत बसली नव्हती. इथे कुणीच बसत नाही. बहिणीचा मान मोठा असतो. वाडीतला अळूचा पहिला कांदा तिच्या घरी जातो, पण तिच्यासमोर भाऊ चेष्टा करत नाही, आणि अंगाचं, दुखण्याखुपण्याचं बोलणं तर दोघांच्या कानावर एकत्र पडताच कामा नये.

फेब्रुवारीत लुपे पहिल्यांदा दवाखान्यात आली. “डॉक्टरशी बोलायचंय,” एवढंच म्हणाली. मंगळवारी हॉलमध्ये टॅबसमोर बसली. डॉक्टर मोआलांनी काय होतंय विचारलं. लुपेनं खिडकीकडे पाहिलं. काचेच्या पट्ट्यांमधून फेलेटीची रुंद पाठ दिसत होती.

“गुडघा,” ती म्हणाली.

“कोणता?”

“उजवा.”

डॉक्टरांनी गुडघेदुखी लिहून घेतली, गोळ्या सांगितल्या. कालोलैनेनं डबीतून मोजून दिल्या. पुढच्या महिन्यात लुपे पुन्हा आली. टॅब उघडल्याबरोबर वर गुडघाच होता. “काय, गुडघा कसा आहे?” डॉक्टर हसून म्हणाले. तिनं बरा नाही म्हणून सांगितलं. गोळ्या वाढल्या.

एप्रिलच्या एका सकाळी कालोलैने त्या वाटेनं जात होती. लुपेच्या दारात एक नवी खुर्ची दिसली. लाकडी, हातांची, बसायला उंच. उठताबसता गुडघ्यावर भार येऊ नये अशी.

“ही कुणी केली?” तिनं शेजारच्या अंगणात पानं वाळवणाऱ्या फिफिताला विचारलं.

“कोण करणार? भाऊ. आठ दिवस तासत होता. पहाटे आणून ठेवली आणि गेला. बोलला नाही की चालला नाही.” फिफितानं पान उलटलं. “आणि ही महाराणी त्यावर एकदा तरी बसली असेल तर शपथ!”

कालोलैने वाटेतच उभी राहिली. म्हणजे फेलेटीला गुडघा ऐकू गेला होता. आणि तो ऐकतोय हे लुपेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती तशीच विणायच्या घरी गेली. आठदहा बाया जमिनीवर मांडी घालून विणत होत्या. लुपे कोपऱ्यात होती. इतर बाया उघड्या चटईवर बसलेल्या, हिच्या खाली तेवढी चार घड्या घातलेली काळी चादर. थोड्या वेळानं ती पाणी प्यायला उठली. हात न टेकता, मुलीसारखी सरळ उठली. उठल्यावर आधी चादरीकडे पाहिलं, मग तिची घडी उलटी केली. तोंड पिठासारखं पांढरं होतं.

कालोलैने तिच्या मागोमाग पाण्याच्या टाकीपाशी गेली.

“लुपे, गुडघा दाखव.”

“बरा आहे आज.”

“कोणता बरा आहे?”

“डावा,” लुपे म्हणाली.

“नोंदीत उजवा आहे गं बाई.”

लुपेनं नळ बंद केला. “चौघं म्हणाली होतीस तू. भर चर्चमध्ये. पाचवा खिडकीखाली बसला होता. पाठ केली म्हणजे काय कान बंद होतात?”

कालोलैनेला त्या सतरा वर्षांच्या मुलीची आठवण झाली. ती एवढंच म्हणाली, “माझं चुकलं. आता सांग.”

लुपेनं सांगितलं. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. नाताळानंतर अंगावरून पुन्हा जायला लागलं. आधी थोडं थोडं, आता गोळ्या सुरू केल्यापासून जास्त.

“गोळ्या का घेतल्यास मग? गुडघा दुखत नाही तर?”

“तू मोजून देत होतीस. उरल्या असत्या तर खोटं बोलले हे तुला कळलं असतं. तिथून त्याला.”

त्या वयात असं रक्त जाणं कशाचं असू शकतं, हे कालोलैनेला चांगलं ठाऊक होतं. चार महिने गेले होते. तिनं लुपेला उरलेल्या गोळ्या टाकून द्यायला सांगितलं आणि थेट फेलेटीच्या वाडीत गेली. तो रताळ्याचे वेल वळवत होता.

“अहो प्रमुख, गुरुवारी मला टॅब विणायच्या घरात हवाय.”

“तिथे रेंज नाही.”

“हॉलपासून वायर न्या.”

“आणि रेंज गेली तर? बायांचं घर ते, मी तिथे आत येऊ शकत नाही.”

“म्हणूनच. तो परवलीचा शब्द मला द्या.”

फेलेटीनं विळा खाली ठेवला. “नर्सबाई, कुणाला सांगणार नाही म्हणून मी सही केलीय. राजधानीत. मास्तरसमोर.”

“मग मी मास्तरला फोन करते.”

“पण कशासाठी एवढं?”

“बायकांचं काम आहे.”

तो पुढे काही विचारणार होता. त्याचं तोंड उघडलंही. मग त्यानं वळून गावाकडे पाहिलं. तिथून घरं दिसत नव्हती, नुसते माड दिसत होते. त्यानं विळा पुन्हा उचलला.

“वायर किती लांब लागेल?” त्यानं विचारलं.

बुधवारी त्यानं एकट्यानं हॉलपासून विणायच्या घरापर्यंत चाळीस पावलांचा चर खणला आणि वायर पुरली. सोसाया मदतीला आला, तर त्याला परत पाठवलं. गुरुवारी सकाळी कालोलैनेच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला. “वाचून झाल्यावर जाळा,” म्हणाला. मग बोट घेऊन पलीकडच्या ओसाड बेटाकडे मासे धरायला गेला. त्या दिवशी वारा होता. मासे मिळायचा दिवस नव्हता.

आदल्या दिवशी कालोलैनेनं डॉक्टर मोआलांना फोनवरून लिहून कळवलं होतं, की बाई डॉक्टर हव्यात आणि का ते बोलायची वेळ आली की बोलू. गुरुवारी टॅबवर डॉक्टर तेलेसिया आल्या. विणणाऱ्या बाया आपणहून उठून समुद्राकडे पानं धुवायला गेल्या होत्या. कालोलैनेनं दोन ओळींची प्रार्थना म्हटली. रेंज एकदा गेली. तिनं शब्द घातला, रेंज आली.

लुपे बोलली. खाली पाहून, पण सगळं बोलली. डॉक्टर तेलेसियांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, “त्या गोळ्यांनी रक्त जास्त जातं. पुन्हा घेऊ नका. आणि शनिवारच्या बोटीनं या. पुढच्या नाही, ह्याच शनिवारच्या.”

“तो गुडघा खोडून टाका मग,” कालोलैने म्हणाली.

“खोडता येत नाही. खाली नवीन लिहिता येतं फक्त.”

“असू दे तो,” लुपे म्हणाली. “कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी लागेल.”

शनिवारी धक्क्यावर निम्मं गाव आलं. लुपेची वळकटी बोटीत चढली. मागून फेलेटी ती खुर्ची डोक्यावर घेऊन आला, बोटीच्या मधोमध, जिथे कमी हलतं तिथे ठेवली, दोरीनं बांधली आणि उतरून लांब माडाखाली जाऊन उभा राहिला. लुपेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण ती खुर्चीवर बसली.

बोट दिसेनाशी झाल्यावर तो कालोलैनेजवळ आला.

“गुडघ्यासाठी एवढं मोठं इस्पितळ लागतं?”

“लागतं कधी कधी.”

“बरा होतो?”

“लवकर गेलं तर होतो.”

“आपण लवकर गेलो?”

तिला खोटं बोलायचं नव्हतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “प्रार्थना करा. लांबलचक करा, आता रेंजची काळजी नाही.”

तो हसला नाही. मान हलवून गेला.

राजधानीत लुपेची गर्भपिशवी काढली. त्यात कर्करोग होता, पण बाहेर पसरला नव्हता. हे कालोलैनेला टॅबवर कळलं, विणायच्या घरात, एकटीला. तिनं टॅब बंद केला, डोळे मिटले, आभार मानले. मग बाहेर पडून चर्चच्या दिशेनं गेली. फेलेटी हॉलच्या पायऱ्या झाडत होता.

“गुडघा निभावला,” ती म्हणाली.

त्यानं झाडू भिंतीला टेकवला, पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती थांबली नाही. दवाखान्यात एक बाळ लस टोचून घ्यायला आलं होतं.

लुपे जुलैत परत आली, खुर्चीसकट. बारीक झाली होती, पण पंधरा दिवसांत विणायला बसली, जमिनीवरच. खुर्ची तिनं विणायच्या घरात ठेवली आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तिच्यावर टॅब असतो. बाया खाली चटईवर बसून त्याच्याशी बोलतात.

कालोलैने आणखी दोन वर्षांनी निवृत्त होईल. तिच्या जागी येणारी मुलगी याच बेटावरची आहे, निम्म्या गावाची बहीण. तो कागद कालोलैनेनं अजून जाळलेला नाही. तिच्या बायबलात ठेवला आहे. त्या मुलीच्या हातात देताना आधी तिला काय काय सांगायचं, याचा ती अधूनमधून विचार करते.

फेलेटी दर रविवारी चर्च सुटल्यावर तिला गाठतो.

“गुडघा?” तो विचारतो.

“बरा आहे,” ती म्हणते. मग तो त्या आठवड्याचा पहिला कांदा बहिणीच्या दारात ठेवायला जातो.