पाट्याची झीज

आमच्या साडूंच्या नजरेला या जगात धड अशी एकही वस्तू कधी दिसलेली नाही. माणसं नवं दार बघतात, हे जुना उंबरा बघतात. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांचं कामच ते. चरकाचे रूळ, बेअरिंगं, दाते यांचे तिरप्या उजेडात फोटो काढायचे आणि मागच्या फोटोपेक्षा किती भाग घासून गुळगुळीत झाला, ते संगणकाकडून मोजून घ्यायचं. आकाराचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक फोटोत एक रुपयाचं नाणं ठेवायचं. ही खोड कारखान्यात राहिली असती तर हरकत नव्हती. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या टकलावर नाणं ठेवून फोटो काढला, दोन वर्षांनी नातवाच्या बारशाला पुन्हा काढला, आणि भर पंगतीत सांगितलं, "गुरुजी, फुडून कमी, मागून जास्त चाललंया."

लोक हसत, पण जरा जपूनच, कारण त्यांचं म्हणणं खरं ठरायचं. गिरणीचा पट्टा मंगळवारच्या पुढं जाणार नाही म्हणाले, तो मंगळवारीच तुटला, आणि गिरणीवाला महिनाभर यांच्याशी बोलेना. शेजारच्या म्हाताऱ्याच्या चपलांचे दोन महिन्यांच्या अंतरानं फोटो काढून त्यांनी सांगितलं, की याची उजवी टाच झिजायची थांबली आहे, म्हातारा तो पाय टेकवत नाही. आठवड्यात म्हाताऱ्याचा उजवा पाय कामातून गेला. तेव्हापासून साडू जामखेडला आमच्याकडं आले, की दारातल्या चपला मी गुपचूप आत नेऊन ठेवतो. भीती म्हणा, दुसरं काय.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिच्या चटणी वाटायच्या पाट्यावर टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, पाडलेले बारीक खड्डे असतात. रोज वाटून वाटून ते झिजून जातात, दगड गुळगुळीत होतो, मग टाकीवाली येऊन पुन्हा खड्डे पाडून देते. साडूंना याहून चांगला नमुना कुठं मिळणार? दर महिन्याच्या एक तारखेला पाट्याचा फोटो ठरलेला. अक्का डावखुरी, त्यामुळं झिजेचा चकचकीत पट्टा डाव्या कडेला सरकलेला. ठेचा वाटता वाटता ती हसून म्हणायची, "दगूड मोजता, वाटनारीचं हात कवा मोजनार?"

दोन वर्षांपूर्वी ती चार दिवसांच्या तापात गेली. पाटा परसात तसाच पडून राहिला. साडू एकटे, चटणीला मिक्सर. फोटो मात्र दर एक तारखेला चालूच होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि संगणक पुढं सरकवला. झिजलेला भाग पडद्यावर लाल दिसतो. अक्का गेली त्या महिन्याचा फोटो, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. डाव्या कडेचा तो लाल पट्टा महिन्यामहिन्याला रुंदावत होता. पाट्यावर तर तेव्हापासून कुणी काही वाटलेलं नव्हतं.

"ती येती," साडू म्हणाले. कारखान्यातली पाळी बदलली असं सांगावं, तितक्या साधेपणानं.

म्हणूनच ते पुण्याला मुलाकडं जायला तयार नव्हते. घराला कुलूप लागलं तर ती यायची कुणाकडं? मुलगा रडकुंडीला आलेला. काका, तुम्हीच त्यांना समजवा, म्हणाला. म्हणून मी चार दिवस तिथं मुक्काम टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी बाजेवर पडलो होतो. मागचं दार उघडं होतं. साडू परसात जाऊन पाट्यापुढं बसले आणि दगडावर डावा हात ठेवून हळूहळू वरखाली फिरवू लागले. माणूस उजवा, हात डावा. तोंडानं, आज भाजीत मीठ जास्त पडलं, गुरुजी आलेत, असलं काहीबाही चाललेलं. मला सगळा उलगडा झाला. हाताच्या तेलानं दगड चमकतो आणि संगणक त्या चमकेला झीज समजतो. त्यांना पुण्याला धाडायला एवढं एक वाक्य पुरे होतं. संध्याकाळी चहा पिताना मी ते बोललोही.

साडू रागावले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, तेलाची चमक कोनची आन् झिजंची कोनची, हे मला कळत न्हाई व्हय? जल्म गेला त्यात. पन मी हात थांबवला, तर आकडा ती गेली त्या म्हैन्यावर थांबंल. मंग ती गेलीच की."

 त्यांना तिथंच राहू दे, असं मी मुलाला फोनवर सांगून टाकलं.

निघायच्या दिवशी पहाटे तोंड धुवायला परसात गेलो. थंडी कडाक्याची, पाट्यावर दव पडलेलं. अक्काची फार आठवण आली, म्हणून सहज दगडावर हात ठेवला. सगळा पाटा बर्फासारखा गार होता. डाव्या कडेचा तेवढा पट्टा कोरडा होता, आणि कोमट. साडू अजून आत घोरत होते.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं, तर आता आपली गरज नाही म्हणून ते हात फिरवायचं थांबवतील, आणि मग तिला मिठाचं कोण सांगणार?