बस्तरच्या नावावर पडलेली माणसं

नवं राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं, आणि त्याचा सगळ्यात जास्त गर्व कोणाला झाला असेल तर मला. नोकरी सरकारी ऑफिसातली, काम कारकुनाचं. पण कडक इस्त्रीची साडी नेसून मी अशी चालायची, की शिपाईसुद्धा बाजूला सरकायचा. आता वाटतं, हसू लपवायलाच सरकत असावा.

माझं अक्षर बरं. म्हणून साहेबांनी दारातल्या मोठ्या फलकाचं काम मला दिलं. राज्याचे संभाग, म्हणजे महसुली विभाग, शेजारी शेजारी मांडायचे. बांधकाम किती चालू आहे त्याचा पिवळा पट्टा, कामावर किती माणसं पडली त्याचा लाल. शहराला लागून नवा रायपूर वसत होतं, तिथं जिकडे पाहावं तिकडे इमारती उठून राहिल्या होत्या, तेव्हा रायपूरचा पिवळा पट्टा फलकाच्या वरच्या काठाला टेकला. लाल मात्र नखाएवढा. बस्तरात बांधकाम बेताचं, पण लाल पट्टा हा लांब.

मग काय, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी समजावून सांगायची, की बाई, तिकडच्या लोकांना कामाचं वळणच नाही. आमच्या राजधानीत कसं सगळं शिस्तीत. नणंद नागपूरहून आली होती. ती म्हणाली, "पण वहिनी, इथं बांधणारे तर तिकडूनच येतात न?" मी तिच्यापुढे चिवड्याची वाटी सरकवली.

फलक पाहायला पाहुणे येणार होते. त्यांना नंतर नवा रायपूरमधलं एक काम दाखवायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी हेल्मेटांचं खोकं घेऊन तिथं गेले. हेल्मेटं पाहुण्यांसाठी. कामावरची माणसं डोक्याला गमछा बांधून होती, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, इतकी मी शहाणी.

खोकं उतरवताना घोळका दिसला. एक रेजा, म्हणजे विटा-गारा डोक्यावर वाहणारी बाई, तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आली होती. मांडी मोडलेली. ठेकेदाराचा मुन्शी तिला पिकअपमध्ये सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर निजवत होता. आरडाओरड नाही, धावाधाव नाही. रोजचंच काम असल्यासारखं. कुठल्या दवाखान्यात नेता, विचारलं, तर म्हणाला, हिच्या गावाकडे, बस्तरात, कोंडागावला.

मोडक्या मांडीनं, केशकालचा घाट चढून! रायपूर तर इथं हाताशी आहे, मी म्हटलं. तेव्हा मला आपलं माणूस समजून तो हळूच म्हणाला, "दीदी, जिस जगह के अस्पताल में भर्ती होती है, एक्सीडेंट वहीं का गिनते हैं। आप ही का तो बोर्ड है।"

म्हणजे माणसं आम्ही पाडायची, घाटापलीकडे नेऊन बस्तरच्या माथी मारायची, आणि वर त्यांनाच वळण नाही म्हणायचं. आज इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रेजेनं माझ्या साडीचा काठ धरला. "मोला गांव झन भेजव, दीदी." मला गावी पाठवू नका.

मी पिकअपमध्ये चढायला गेले. साडीपायी चढता येईना, शेवटी मुन्शीनंच हात दिला बिचाऱ्यानं. तिच्या उशाशी पोत्यांवर बसून मी ड्रायव्हरला सांगितलं, की भैया, रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात घे. घाटाकडे वळलास तर मीही कोंडागावला येते. मग मला कोणत्या संभागात मोजता ते पाहू.

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाबूनं विचारलं, कुठून पडली. मोटरसायकलनं मागोमाग आलेल्या मुन्शीनं सांगितलं, घराच्या छतावरून.

स्ट्रेचरवर कण्हणाऱ्या रेजेनं मान वळवली. "मोर घर म छत कहां हे? खपरा हे." माझ्या घराला छत कुठाय, कौलं आहेत.

बाबूचं पेन थांबलं. मग मी जागेचं नाव सांगितलं, मजला सांगितला, आणि तो लिहीपर्यंत खिडकीपासून हलले नाही.

सकाळी मी रायपूरचा लाल पट्टा वाढवला. साहेब आमच्याच विदर्भाकडचे. म्हणाले, "बाई, काहून घाई केली? पाहुणे जाईपर्यंत तरी थांबायचं."

"ती पडताना थांबली नाही, साहेब."

त्यांनी लाल पट्ट्यावर झेंडूचा जाड हार सोडला. पाहुण्यांनी हाराचं कौतुक केलं.

रेजेचा पाय राहिला, जरा आखूड. घाट चढली असती तर कापावा लागला असता, डॉक्टर म्हणाले. मला साहेबांनी फलकावरून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले तर रेजेच्या उशाशी तिची जाऊ बसली होती, केसांत सिमेंट. कामावरूनच आली होती. सकाळी तिलाच त्या परांचीवर चढवलं होतं, हिच्या जागी. आता तरी परांचीला कठडा बांधला का, मी विचारलं. परांचीला कठडा असतो हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली, की ही बाई कुठल्या गावची.