सातबारावरचं काकांचं नाव

काका गेले आणि कसबा बावड्यातलं त्यांचं दीड एकर रान काकीच्या नावावर करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांना मूलबाळ नाही. मी पुतण्या, त्यात जवळ राहणारा. घाई होती ती शेजारच्या रानवाल्यामुळं. काकांचा तेरावा होतो न होतो तोच त्यानं बांध कोरायला सुरुवात केली होती. सरकारी मोजणी मागवायची तर अर्ज मालकाचा लागतो, आणि सातबारावर मालक अजून काकाच.

कागद एकदाच पक्के व्हावेत म्हणून राजारामपुरीतले एक वकील गाठले. कागलच्या एमआयडीसीत माझी सुट्टी सोमवारी, म्हणून दर सोमवारी काकीला गाडीवर मागं बसवून त्यांच्याकडं जायचं. काम साध्या वारसनोंदीचं. महिन्या-दोन महिन्यांत होईल असं वाटलं होतं. अकरा महिने गेले.

कधी तलाठी रजेवर, कधी सर्व्हर बंद, कधी साहेब निवडणुकीच्या कामाला. वकील हे सगळं पेपरवेटकडं बघत सांगायचे. त्याआधी काकीला आतल्या खोलीत न्यायचे, दोन मिनिटांत बाहेर आणायचे. सांगून झालं की चहा मागवायचे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझ्यावर तर नुसता वकिलाचा जिना चढूनच वेडं व्हायची पाळी आली होती. परत येताना मी वकिलाच्या सात पिढ्या उद्धरायचो. काकी मागं गप्प. मला वाटायचं, बिचारी कंटाळली असेल.

पावसाळ्याच्या तोंडाला शेजाऱ्यानं बांधावरचा शेवगा तोडला. काकांनी लावलेला. त्या सोमवारी माझं डोकंच फिरलं. वकिलांच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "फाईल द्या माघारी. जमत नसलं तर दुकान बंद करा की! म्हातारीचं रान गेल्यावर नाव लावणार काय?"

वकील पेपरवेटकडं बघायला लागले. बोलली ती काकी.

"त्यास्नी नगं बोलूस. मीच थांबा म्हटलंय."

मग तिनंच सगळं सांगितलं. पहिल्याच सोमवारी मी खाली गाडी लावत होतो, तेव्हा वकिलांनी तिला समजावलं होतं, की तुमचं नाव लागलं की काकांचं कंसात जाईल. कमी झालेल्या माणसाच्या नावाभोवती सातबारावर तसा कंस करतात.

"जित्तेपणी ह्यास्नी कुणी बाजूला सारलं न्हाय," काकी म्हणाली, "आन मी सही करून सारू व्हय?"

तिनं आठ दिवस मागून घेतले होते, आणि पुतण्याला सांगू नका म्हणून शपथ घातली होती. दर सोमवारी वकील तिला आत नेऊन विचारायचे, "आज करूया का, काकी?" ती नाही म्हणून मान हलवायची, आणि ते बाहेर येऊन मला तलाठ्याची रजा सांगायचे. अकरा महिने त्या माणसानं माझी बोलणी खाल्ली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वकिलांनी फाईलच्या तळातून एक जुना, हातानं लिहिलेला सातबारा काढला आणि काकीसमोर ठेवला. "हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "वाचा बघू."

काकांच्या नावाच्या वर आणखी एक नाव होतं, भोवती शाईचा कंस. काकी चौथी शिकलेली. बोट ठेवून तिनं एकेक अक्षर लावलं.

"हे तर आमचं मामंजी."

"होय. तुमचे सासरे. कंसात जाऊन तीस वर्षं झाली. पुसलंय का कुणी?"

काकीनं त्या कंसावरनं बोट फिरवलं. मग वर बघून तिनं विचारलं, "मी गेल्यावर माझंबी असंच कंसात जाणार न्हवं?"

"जाईल की," वकील हळूच म्हणाले. "त्यांच्या खालीच."

"मग चालतंय की." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पेन मागितला. "सही कुठं करायची दावा. आन मोजणीचा अर्जबी लगोलग लिवा. आता त्यो बांध माझा हाय."